कमानीखालचा उजेड, कमानीवरचे आकाश
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



जबलपूरच्या जुन्या बाजारात, बडा फुहारा आणि सराफा यांच्या सान्निध्यात उभा असलेला कमानिया गेट या सभागृहातील कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तके, शाळेचा गणवेश, दिवाळीची खरेदी, लग्नाचे दागिने अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने शहरातील प्रत्येक मराठी कुटुंब या कमानीखालून गेले आहे. तिच्या नावातच ‘कमान’ हा आपल्या ओळखीचा शब्द आहे. 1939 सालच्या त्रिपुरी काँग्रेसची ती स्मृती आहे. त्या वर्षी 29 जानेवारीस झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांना 1580 आणि पट्टाभि सीतारामय्या यांना 1377 मते मिळाली. मार्च महिन्यात नर्मदेच्या परिसरात अधिवेशन भरले तेव्हा सुभाषबाबू तापाने फणफणले होते आणि हत्तींच्या मिरवणुकीत अध्यक्षांच्या जागी त्यांचे छायाचित्र विराजमान झाले होते. हा इतिहास शाळेच्या वर्गांत शिकवला जातो. आजचा विषय मात्र त्याच कमानीच्या अनुषंगाने येणारा, परंतु इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारा आहे: एखाद्या शहराने आपली जमीन, आपले पाणी, आपली झाडे आणि आपली रात्र कशी सांभाळावी?

या प्रश्नाची उत्तरे शोधणाऱ्या दोन विद्या आहेत. पहिली भूदृश्यरचना. बागेत फुलझाडे लावणे एवढाच तिचा अर्थ नाही. जमिनीचा उतार, मातीचा पोत, पावसाचे पाणी वाहण्याची दिशा, त्या प्रदेशात मुळात वाढणारी झाडे आणि त्यांवर जगणारे पक्षी-कीटक या सर्वांचा विचार करून माणसाच्या वावराला जागा करून देणे, हे तिचे काम. दुसरी विद्या प्रकाशयोजना. दिवा कुठे लावावा, किती तेजाचा लावावा, त्याचा रोख कुणीकडे असावा, हे ती सांगते. आणि दिवा कुठे लावू नये, हेही तिनेच सांगायचे असते. पहिली विद्या विचारते, ‘या जागेचे पाणी कुठे जाते?’ दुसरी विचारते, ‘या जागेचा काळोख कुठे गेला?’ जबलपूरला हे दोन्ही प्रश्न लागू पडतात.

प्रथम पाण्याचा विचार करू. ‘बावन ताल, चौऱ्यांशी तलैया’ अशी या शहराची जुनी ओळख. मदन महालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. अशा कठीण खडकात पाणी सहज मुरत नाही. ते उतारावरून धावत सुटते. गढ्याच्या गोंड राजवटीने या धावत्या पाण्याला ठिकठिकाणी थांबवले. संग्रामशाहाच्या नावाचा संग्रामसागर, राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा आधारताल ही नावे त्या काळाची साक्ष देतात. राणीच्या जोडीने दासीचे नावही तलावाला लाभावे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1564 मध्ये दुर्गावती रणांगणात पडली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठ्यांची आणि नंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर आली. 1817 मध्ये इंग्रज आले. राजवटी बदलत गेल्या, तलाव मात्र सर्वांनाच पाणी पाजत राहिले.

आज राणीताल म्हटले की क्रीडासंकुल आठवते आणि चेरीताल म्हटले की दाट वस्ती. नाव उरले, पाणी गेले. हनुमानताल आणि आधारताल अजून आपले अस्तित्व टिकवून आहेत. त्यांच्या काठांवरही शहर चढून आले आहे. तलाव बुजला म्हणून पाऊस थांबत नाही. जबलपूरला वर्षाकाठी साधारण 1300 मिलिमीटर पाऊस होतो. गणित अवघड नाही, आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे आहे. 100 चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात 1 लाख 30 हजार लिटर पाणी पडते. शाळेचे छप्पर 500 चौरस मीटरचे धरले तर साडेसहा लाख लिटर. हे पाणी पूर्वी उतारावरच्या तलावात जात असे. आता ते सिमेंटच्या गल्लीतून गटारात जाते, गटार तुंबले की दुकानाच्या पायरीवर चढते आणि मे महिन्यात त्याच गल्लीत टँकरची वाट पाहिली जाते. पुराची आणि टंचाईची अशी एकाच पत्त्यावर भेट होते, ती निसर्गाच्या लहरीमुळे होत नाही. जागेच्या रचनेमुळे होते.

रचना सुधारता येते, याची उदाहरणे देशात आहेत. मुंबईत माहीमजवळ, मिठी नदीच्या काठी आणि धारावीच्या शेजारी, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. 1977 पर्यंत तेथे कचरा पडत होता. त्याच सुमारे 37 एकरांवर मातीचा थर देऊन, झाडे लावून ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ उभे राहिले आणि 1994 मध्ये लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट वनराई आहे, पक्षी आणि फुलपाखरे आहेत आणि शाळांच्या सहली येतात. दुसरे उदाहरण जोधपूरचे, आणि ते मदन महालच्या टेकड्यांशी अधिक जवळचे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी ज्वालामुखीच्या खडकाची सुमारे 70 हेक्टर जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. ही परदेशी झाडे खडकाच्या भेगांत मुळे घालून बसलेली. वरून कापली की पुन्हा फुटणार. 2006 पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे काम सुरू झाले. मुळे खडकातून खणून काढण्यासाठी स्थानिक खाणकामगारांना बोलावले गेले. हे ‘खंडवालिये’ हातोड्याच्या आवाजावरून खडकाचा स्वभाव ओळखत. त्यांनी केलेल्या खड्ड्यांत मारवाडच्या खडकाळ जमिनीत मुळातच वाढणारी झाडेझुडपे आणि गवते लावली गेली. राव जोधा उद्यान या नावाने ती जागा आज ओळखली जाते. तेथे हिरवळीचे गालिचे नाहीत आणि कारंजीही नाहीत. उन्हाळ्यात ती जागा कोरडी दिसते, पावसाळ्यात बहरते. वाळवंटाने वाळवंटासारखे दिसावे, ही तिची सौंदर्यदृष्टी आहे.

या दोन उदाहरणांतून कमानिया गेटच्या परिसराला काय घेता येईल? भर बाजारात जंगल उभे करणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु बाजारातील प्रत्येक जुन्या झाडाच्या बुंध्याला चिकटून ओतलेले सिमेंट काढता येते. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता, त्यामागचे कारण सोपे होते: झाडाच्या मुळांना श्वास घ्यावा लागतो आणि पाणी प्यावे लागते. पदपथावर फरशी बसवताना सांधे मोकळे ठेवले तर त्यांतून पाणी मुरते. नवी झाडे लावायची असतील तर कडुनिंब, करंज, पिंपळ, उंबर, जांभूळ यांसारखी येथील हवेत मुरलेली झाडे निवडता येतात. पिंपळ आणि उंबर यांना मोकळी जागा लागते, ती भिंतीलगत लावू नयेत. करंजाला तेवढी लागत नाही. एवढा विचार रोप लावण्याआधी झाला तर वीस वर्षांनी कुऱ्हाड चालवण्याची वेळ येत नाही.

आता प्रकाशाकडे वळू. येथे विषय अधिक नाजूक होतो, कारण पाणी नाहीसे झाले की ओरड होते. काळोख नाहीसा झाला तर बहुतेकांना आनंदच होतो. उजेड म्हणजे प्रगती, उजेड म्हणजे सुरक्षितता, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. 2015 पासून देशभर जुन्या पथदिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसवण्याची मोठी मोहीम झाली. विजेची बचत झाली, हे निर्विवाद. परंतु स्वस्त झालेली वस्तू माणूस अधिक वापरतो, हा नियम उजेडालाही लागू आहे. जेथे एक दिवा होता तेथे चार आले. पाट्या, कमानी, पूल, झाडांची खोडे, सारे काही झगमगू लागले.

शिवाय उजेडाउजेडात फरक असतो. दिव्याच्या रंगाची ऊब किंवा थंडपणा केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीचा पिवळसर उजेड साधारण 1900 केल्विन, घरातील जुन्या बल्बचा सुमारे 2700 आणि पांढऱ्याशुभ्र एलईडीचा 5000 ते 6500. या शुभ्र उजेडात निळ्या रंगाचा अंश मोठा असतो. दिवसा आकाश निळे दिसते त्याच कारणाने, म्हणजे निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो म्हणून, अशा दिव्यांचा उजेड रात्री आकाशभर पसरतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशानुसार जगातील 80 टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने दूषित आकाशाखाली राहतात आणि सुमारे एकतृतीयांश मानवजातीला आकाशगंगा दिसतच नाही. भूगोलाच्या पुस्तकात आकाशगंगेचे चित्र पाहणाऱ्या मुलाला ती स्वतःच्या गच्चीवरून कधीच दिसू नये, ही शिक्षणाची हानी आहे. तिची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही.

माणसाखेरीज इतरांचे काय होते? दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग हे प्रेमाचे प्रतीक म्हणून काव्यांत आले आहे. 2024 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या दृश्याचा वेगळा उलगडा केला. उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. लक्षावधी वर्षे रात्रीही वरचे आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळ होते. म्हणून पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ आकाशाकडे. बाजूला पेटलेला दिवा आला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवतो, वाकडा होतो आणि फेऱ्यांत अडकतो. पतंग दिव्यावर भाळलेला नसतो, वाट चुकलेला असतो. त्याची वाट चुकली की रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीभवन अडते. उजेड टाळणारी वटवाघळे आपले जुने मार्ग सोडतात. पथदिव्याजवळच्या फांद्यांवरची पाने शेजारच्या फांद्यांपेक्षा उशिरा गळतात. सह्याद्रीत भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी येथे मृगाच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी झुंबड उडते. काजव्याची नर-मादी उजेडाच्या उघडझापीनेच एकमेकांना ओळखतात. पाहुण्यांच्या गाड्यांचे दिवे तो संवाद पुसून टाकतात.

याबाबत काही करता येते का, असा प्रश्न पडला तर उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. जबलपूरच्या मराठी माणसाची सर्वांत ओळखीची वाट म्हणजे लखनादोन, सिवनी, खवासा यांवरून जाणारी नागपूरची वाट. ती पेंचच्या जंगलातून जाते. हा रस्ता चौपदरी करताना वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राच्या हद्दीत पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल, अशा नऊ ठिकाणी रस्ता उचलून धरला गेला आणि त्याखालून प्राण्यांना वाट मिळाली. यांतील काही मार्ग 50 मीटर रुंदीचे, तर सर्वांत मोठा 750 मीटरचा. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत 18 प्रजातींचे वन्यप्राणी या मार्गांनी जाताना टिपले गेले. त्यांत 11 वेगवेगळे वाघ होते. मध्य प्रदेशाच्या हद्दीत रस्त्याच्या कडेला उंच पडदे बसवून वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत जंगलात शिरू नये अशी योजना करण्यात आली. वरून गाडीत झोपलेले प्रवासी जातात आणि खालून वाघ जातो. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. भूदृश्यरचना आणि प्रकाशयोजना एकत्र आल्या म्हणजे काय साधते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

त्याच पेंचच्या महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचे उद्यान, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी गावे अंधारात लोटावी लागली नाहीत. सिल्लारी आणि आसपासच्या गावांतील पथदिवे बदलून उजेड फक्त खाली, रस्त्यावर पडेल असे झाकणबंद दिवे बसवण्यात आले. गावकऱ्याला वाट दिसते आणि मान वर केली की तारेही दिसतात.

हेच तत्त्व कमानिया गेटला लावून पाहावे. ऐतिहासिक वास्तू उजळण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत म्हणजे समोरून मोठे झोत टाकणे. त्यात कमान सपाट दिसते, तिची खोली हरवते, निम्मा उजेड तिच्या कडांवरून निसटून आकाशात जातो आणि खालून जाणाऱ्याचे डोळे दिपतात. रंग पालटणारे दिवे लावले तर वास्तूची जाहिरात होते, दर्शन होत नाही. याउलट लहान दिवे भिंतीलगत, वरच्या कंगोऱ्यांच्या आडोशाला बसवून उजेड भिंतीवरून खाली ओघळू दिला, तर प्रत्येक कंगोऱ्याला सावली मिळते आणि सावलीमुळेच आकार उठून दिसतो. कमानीच्या आतल्या वळणाला हलका, उबदार, 2700 केल्विनच्या आसपासचा उजेड पुरे आहे. दुकाने बंद झाली की तोही मंद व्हावा आणि मध्यरात्रीनंतर फक्त वाटेपुरता उरावा. शेजारच्या झाडांना दिव्यांच्या माळांनी गुंडाळू नये. त्या झाडांवर कोणीतरी झोपलेले असते.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही रास्त आहेत. पहिला व्यापाऱ्यांचा. सराफ्यात सोन्याची पारख उजेडात होते. तेथे मंद दिवे कसे चालतील? उत्तर असे की पेढीच्या आत हवा तेवढा उजेड असावा, तो आतच राहावा. रस्त्याकडे रोखलेली झगमगती पाटी दागिन्याची पारख करत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, विशेषतः रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या पालकांचा. तो कधीही हलक्याने घेऊ नये. मात्र डोळ्यांचे शास्त्र येथे विचारात घ्यावे लागते. एक प्रखर दिवा समोर आला की बुबुळाची बाहुली आकुंचन पावते आणि त्यापलीकडचा कोपरा अधिकच काळा दिसतो. पौर्णिमेचे चांदणे मोजले तर लक्सचा पाव भागही जेमतेम भरते, तरी त्यात पायवाट दिसते, कारण ते सर्वत्र सारखे पडते. भारतीय मानकांनी मोठ्या रहदारीच्या रस्त्यांसाठी सरासरी 15 ते 30 लक्स उजेड सांगितला आहे, तो आवश्यकच आहे. पण दोन खांबांमध्ये काळा पट्टा राहणार नाही, उजेड डोळ्यांत न जाता पायांखाली पडेल आणि बंद पडलेला दिवा दुसऱ्या दिवशी बदलला जाईल, या तीन गोष्टी प्रखरतेपेक्षा अधिक सुरक्षितता देतात. गल्लीतील मुलीला झोत नको असतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा असतो.

उजेडाचा असा संयम मराठी माणसाला परका नाही. महाराष्ट्रातील जुन्या देवळांपुढे दगडी दीपमाळा उभ्या असतात. वर्षातील बहुतेक रात्री त्या काळोखातच असतात. त्रिपुरी पौर्णिमेला त्यांवर पणत्या लागतात आणि सारे गाव पाहायला येते. दीपमाळ रोज पेटली असती तर तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते. जबलपूरजवळचे तेवर हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी; लोकपरंपरा तिचे नाते त्रिपुरासुराच्या कथेशी जोडते. ज्या त्रिपुरीच्या नावाने 1939 चे अधिवेशन ओळखले जाते, त्याच नावाची पौर्णिमा घरोघरी दिवे लावून साजरी होते. कमानिया गेटवर पूर्ण रोषणाई करायची असेल तर ती त्रिपुरी पौर्णिमेला, दिवाळीला, 23 जानेवारीच्या सुभाष जयंतीला करावी. एरवी कमानीने शांत उभे राहावे. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला शरद पौर्णिमेला लोक मुद्दाम जातात, ते चांदण्यासाठी. कोणत्याही नगररचनाकाराने न आखलेली ती प्रकाशयोजना आहे.

शेवटी शाळेविषयी. हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षे. साठ वर्षांत एक वडाचे झाड चांगले विस्तारते आणि मुलांच्या तीन पिढ्या एकाच आवारातून बाहेर पडतात. महोत्सवाच्या वर्षात शाळेला काही गोष्टी सहज करता येतील. छपरावरचे पाणी मोजावे आणि ते जमिनीत मुरवण्याची सोय करावी. मोजणी विद्यार्थ्यांनीच करावी. आवारातील प्रत्येक झाडाची मराठी, हिंदी आणि जमल्यास गोंडी नावांसह नोंदवही तयार करावी. आवारातील दिव्यांना टोप्या बसवाव्यात, म्हणजे उजेड अंगणात पडेल, शेजारच्या झाडावर नाही. आणि वर्षातून एकदा, मार्गशीर्षातील एखाद्या अमावास्येला, सर्व दिवे मालवून मुलांना आकाश दाखवावे. कृत्तिका, रोहिणी, मृग ही नावे पंचांगात आहेत, वर्गातील मुलींच्या हजेरीपटावरही असतील. ती आकाशात कुठे आहेत, हे त्या रात्री कळेल.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, नगरपालिकांतून आणि वीज मंडळांतून जबाबदारीची पदे सांभाळतात. दिव्याची निविदा, रस्त्याचा आराखडा, उद्यानाचा नकाशा त्यांच्या टेबलावरून जातो. सहीपूर्वी पाणी कुठे जाईल आणि उजेड कुठे जाईल, हे दोन प्रश्न त्यांनी विचारले, तर शाळेने दिलेल्या शिक्षणाचे त्यांनी शहराला केलेले ते परतफेडीचे दान ठरेल. पालकांच्या हाती याहून साधे काम आहे. झोपण्यापूर्वी गच्चीवरचा दिवा मालवावा, मुलाला पाच मिनिटे बाहेर उभे करावे आणि डोळे सरावेपर्यंत थांबावे. जबलपूरच्या आकाशात अजून पुष्कळ तारे आहेत. मोजायला कोणीतरी हवे.